सालचा सर्वांत भारी दम

२८ नोव्हेंबर १९९३, रविवार

आजपासून वही लिहायची ठरवलंय, कारण जे मनात येतं ते तोंडातून निघालं की भांडण होतं. कॉलेज असंच सुटलं. पालघरला दुसऱ्या वर्षाला असताना अकाउंट्सच्या सरांना भर वर्गात "तुम्हाला तरी कळतंय का?" असं विचारलं. सर म्हणाले माफी माग, मी म्हटलं मागत नाही, आणि दप्तर उचलून निघालो. स्टेशनपर्यंत येईस्तोवर वाटत होतं कोणीतरी मागून हाक मारील. कोणी मारली नाही.

आता बोईसरला नामदेवभाऊंच्या केबलच्या ऑफिसात आहे. डिशवर आठवडाभर जी परदेशी कुस्ती येते ती मी टेप करतो आणि रविवारी दुपारी चारला आमच्या चॅनलवर दाखवतो. लोक कुस्तीपेक्षा दमासाठी बघतात. दम म्हणजे, कुस्तीआधी गडी माईक हातात घेऊन समोरच्याला दोन मिनिटं जे काही सुनावतो ते. तुझं अमुक मोडीन, तुला तमुक दाखवीन. पण सगळं इंग्रजीत. म्हणून मी त्या वेळी टेपचा आवाज बारीक करतो आणि ऑफिसातल्या माईकवरून मराठीत सांगतो.

मला त्यांचं इंग्रजी किती कळतं? खरं लिहायचं तर चारातला एक शब्द. बाकीचं मी त्यांच्या डोळ्यांवरून ओळखतो.

१ डिसेंबर, बुधवार

नामदेवभाऊंनी नवीन काढलं. म्हणाले, "प्रताप, वर्ष संपतंय. सालचा सर्वांत भारी दम कोणता, लोकांकडून मतं घेऊ. सव्वीस तारखेला निकाल, लाइव्ह."

त्यांनी माझं मत विचारलं. मी म्हटलं, घंटाळ्या, सप्टेंबर. (गळ्यात घंटा बांधून येतो तो. खरी नावं इथं कोणाच्या जिभेवर बसत नाहीत.)

"ते तर सगळेच म्हणतायत," भाऊ म्हणाले. "केळव्याच्या बसवाला ना?"

हो, तोच. त्याबद्दल इथे लिहून ठेवायला हरकत नाही, वही माझी आहे. आमच्या ऑफिसच्या वर टायपिंग क्लास आहे. तिथं विजया शिकवते. पालघरजवळच्या माहीमची. वडिलांचा पानमळा आहे, विड्याच्या पानांचा. कॉलेजात माझ्याच बरोबर होती, ती आता इंग्रजी घेऊन बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सप्टेंबरात क्लासची सहल केळव्याला समुद्रावर निघाली होती. मलाही "तू पण ये" म्हणाली. मी नवा शर्ट घालून गेलो, तर बसमध्ये तिच्या पुढच्या सीटवर खिडकीशी पंढरी, आमच्याकडे कुस्ती बघायला येणारा. मी चहाच्या टपरीमागून तसाच परत आलो.

दुसऱ्या दिवशी रविवार. पडद्यावर घंटाळ्या बोट नाचवून ओरडत होता आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तू केळव्याच्या बसमध्ये खिडकीशी बसलास! हसलास! वाळूत तुझं नाक असं घासीन की शिंपल्यासुद्धा म्हणतील, बाबा बस कर!" बोईसरमध्ये आठवडाभर पोरं तेच म्हणत फिरत होती. अमेरिकेतल्या माणसाला केळव्याची बस कशी माहीत, हे एकानंही विचारलं नाही.

३ डिसेंबर, शुक्रवार

मतपत्रिका विजयाने टाइप करून दिल्या. तीन नावं: घंटाळ्या, राजेसाहेब (डोक्यावर मुकुट, अंगावर केसाळ झूल), आणि चष्मिस. चष्मिसचं नाव पंढरीच्या हट्टाने आलं. तो जुलैत खुर्चीत बसून नुसता चष्मा पुसत होता आणि शेवटी हळू आवाजात दोन वाक्यं बोलला. मला तेव्हा काहीच सुचलं नाही, म्हणून मी म्हटलं होतं, "पैलवानाची तब्येत बरी दिसत नाही."

विजया म्हणाली, "तुझं मत कोणाला?"

"घंटाळ्याला."

"का?"

"मनापासून बोलला."

ती खाली बघून हसली. मतपत्रिकांचा गठ्ठा सारखा करत म्हणाली, "परीक्षेचा फॉर्म बाहेरून भरता येतो, माहितेय ना तुला?" कुठला विषय कुठे! कुस्तीबद्दल बोलायचं नसेल तर तसं सांगावं.

५ डिसेंबर, रविवार

डबा बिस्किटांचा, वर फट पाडून ठेवलाय. पहिल्या दिवशी एक्काहत्तर मतं.

विजया आजही आली होती. रविवारी क्लासला सुट्टी असते, तरी ती टाइपरायटर पुसायला येते. माहीमहून पालघर, पालघरहून बोईसर, दोन एसट्या. किती कामसू मुलगी. पुसून झालं की दारात उभी राहून दम ऐकून जाते. तिलाही कुस्तीचं वेड दिसतंय.

९ डिसेंबर, गुरुवार

पंढरी आला. कॉलनीत राहतो, डिप्लोमा झालाय, कंपनीत ट्रेनी आहे. केसांना तेल, खिशाला पेन, हातात वही. त्या वहीत त्याने वर्षभराचे दम तारीखवार उतरवून घेतलेत, थेट इंग्रजीतून. अशी माणसं असतात.

"दम म्हणजे आरडाओरडा नव्हे," तो मला शिकवायला लागला. "बोलणाऱ्याचं काय पणाला लागलंय ते कळायला हवं. चष्मिस काय म्हणाला ठाऊक आहे? 'आज माझा मुलगा पहिल्यांदा बघायला आलाय. तेव्हा तू जरा लवकर पड.' बस. एवढंच. अंगावर काटा येतो की नाही?"

माझ्या अंगावर आला, पण मी तो त्याला कशाला दाखवू?

"आणि तू काय सांगितलंस? तब्येत बरी नाही!"

"मग तू सांग ना माईकवर."

"मला बोलता येत नाही तसं," तो म्हणाला. "पण खरं काय ते लोकांना कळायला नको?"

नवापूरचा नवशा तिथंच बसला होता. मासळीचा टेम्पो रिकामा करून तो रोज इथे टेकतो. म्हणाला, "पंडरीशेट, आमाला घंटाल्याच आवरतो. तो आपल्या गावाकरचा वाटतं."

१२ डिसेंबर, रविवार

घंटाळ्या १४०, राजेसाहेब ५२, चष्मिस ९. नऊमधलं एक पंढरीचं. बाकीची आठ कोणाची, शोध लागत नाही. विजयाच्या बोटांना शाई होती.

१६ डिसेंबर, गुरुवार

आज झालंच.

पंढरी सगळ्यांसमोर नामदेवभाऊंना म्हणाला, "घंटाळ्याच्या दमात केळव्याचं नाव नाही, बसचं नाही, वाळूचं नाही. मी तपासलंय. खिडकीशी तर मीच बसलो होतो!"

एवढं म्हणून तो विचारात पडल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता सगळं उमगलं याला. मी त्याच्या हातातली वही हिसकावली आणि म्हटलं, "तुझं इंग्रजी तुझ्यापाशी ठेव!" वही फाटली. पुठ्ठा माझ्या हातात, पानं त्याच्या. जुलै महिना पंख्याखाली उडाला.

नामदेवभाऊ कधी ओरडत नाहीत. आजही ओरडले नाहीत. म्हणाले, "सव्वीस तारखेला घंटाळ्याची टेप पूर्ण आवाजात लावू. विजया ऐकेल, उतरवून घेईल आणि शब्दाला शब्द मराठी वाचून दाखवेल. तिला लघुलेखन येतं. तू सांगितलंस तसं निघालं तर ठीक. खोटं निघालं तर लोकांना मी काय तोंड दाखवू? माईक बंद, प्रताप. तू तारा ओढायला जा."

तारा ओढायला मी कमी समजत नाही. पण माईक गेला तर रविवारी चार वाजता मी कोण?

१७ डिसेंबर, शुक्रवार

गोंद आणून वहीची पानं चिकटवली. जुलै पूर्ण सापडला, ऑगस्टचं एक पान नाही. पंढरीला नेऊन दिली. "सॉरी" म्हणायचं होतं, "घे" म्हणालो.

१९ डिसेंबर, रविवार

ठरवून वर गेलो. विजयाला सांगणार होतो की मी दम बनवून सांगतो, आणि घंटाळ्याचा का बनवला. जिन्यात चार वेळा म्हणून बघितलं. ती टाइपरायटर पुसत बसली होती. (तो आधीच चकचकीत होता.)

"बोल," ती म्हणाली.

"रिबीन मिळेल का?"

"कसली?"

"टाइपरायटरची."

"तुला कशाला?"

"भाऊंना हवीय."

तिने रिबीन दिली. आता ती माझ्या खिशात आहे, शर्टाला काळा डाग पडलाय आणि भाऊ विचारतायत हे काय आणलंस.

जाताना ती म्हणाली, "मी जे ऐकू येईल तेच वाचणार, प्रताप. मला खोटं वाचता येत नाही." म्हणजे ती पंढरीच्या बाजूने आहे हे उघड झालं.

२४ डिसेंबर, शुक्रवार

जेवताना अण्णांनी विचारलं, "कामून तोंड पाडलंस?" अण्णा म्हणजे माझे वडील, नागोराव. नांदेडकडून पंधरा वर्षांपूर्वी इथल्या कापडाच्या कारखान्यात रंगखात्यात लागले. हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी लाल. आज हिरवे होते.

मी सगळं सांगितलं, विजया सोडून.

अण्णा म्हणाले, "म्हंजे वर्षभर तो गोरा बोलतच नव्हता? तूच वरडत व्हतास?"

"हो."

अण्णा इतके हसले की आईने पाणी आणलं. मग म्हणाले, "मी रंगखात्यात समद्यांना सांगितलं की त्यो घंटाळ्या माझ्या पोरासारखाच तापट हाय!"

आई म्हणाली, "अन् ती बसमधली पोरगी कोन?"

मी हात धुवायला उठलो.

२६ डिसेंबर, रविवार

सविस्तर लिहितो, नंतर कोणी वेगळं सांगायला नको.

ऑफिसात तीस माणसं आणि बाहेर रस्त्यावर त्याच्या दुप्पट. दारात टीव्ही ठेवलेला. भाऊंनी मतं जाहीर केली: घंटाळ्या २१२, राजेसाहेब ८८, चष्मिस २३. शिट्ट्या. मग भाऊंनी माईकवरून सांगितलं की दमाचा खरा अर्थ आज कळेल, आणि टेप पूर्ण आवाजात लावली.

विजया पेन्सिल घेऊन बसली होती. टेप दोनदा ऐकली. मग तिने वाचलं, टायपिंगच्या परीक्षेत वाचतात तसं, सरळ आवाजात:

"मंगळवारी साडेसातला या. तिकिटं खिडकीवर मिळतील. मागच्या वेळी माझा गुडघा दुखत होता. खोकला. आता बरा आहे. मी रोज बारा अंडी खातो. तुला हरवीन. परत खोकला. मंगळवारी, साडेसातला. विसरू नका."

नवशाने विचारलं, "मंग केलव्याची बस?"

"नाही."

"खिरकी?"

"खिडकी आहे. तिकिटाची."

"शिंपल्या?"

"अंडी आहेत," विजया म्हणाली.

आधी नवशा हसला, मग सगळा रस्ता. कोणीतरी ओरडलं, "अरे, ये तो सब अपना परताप बोलता था!" भाऊ माझ्याकडे बघत होते. मी माईकची वायर सोडवायला वाकलो. माझ्या कानशिलातून वाफा निघत होत्या. भाऊंनी काढून घेण्याआधी आपणच ठेवून जावं, असा विचार होता.

नवशा उठून उभा राहिला. "एक मिनट. आमी मत दिलं ते मंग कोनाला? आमी काय बारा अंड्यांना मत दिलं?"

आणि इथे पंढरी बोलला. चिकटवलेली वही उघडून, चष्मिससारखा शांत. "मतपत्रिकेवर 'सर्वांत भारी दम' असं लिहिलंय. दम जो ऐकला तो. ऐकला तो घंटाळ्याने दिलेलाच नाही, प्रतापने दिलाय. म्हणून दोनशे बारा मतं प्रतापची. नियमाने बघितलं तर दुसरं काही निघत नाही." मला पटकन त्याच्याकडे बघवेना.

भाऊंनी डोकं खाजवलं. म्हणाले, "मान्य. पण मग स्वतःच्या नावाने देऊन दाखव. समोर कोणी पैलवान नाही, टेप नाही. दे दम. दिलास तर माईक तुझा."

माईक माझ्या हातात आला. पडद्यावर नुसता निळा रंग. चारशे घरांत माझा श्वास ऐकू जात होता. मी विजयाकडे बघितलं. "मी..." म्हणालो. परत "मी..." म्हणालो. फोन वाजला, पलीकडून बाई म्हणाली, आवाज गेलाय का तुमचा?

तेव्हा विजयाने माझ्या हातातून माईक घेतला.

ती ओरडली नाही. म्हणाली, "मी विजया. माहीमची. मलाही एकाला दम द्यायचाय. दर रविवारी मी दोन एसट्या बदलून बोईसरला येते. टाइपरायटर पुसायला येते असं त्याला वाटतं. बंद क्लासमध्ये एवढी धूळ येते कुठून, हे त्याला कधी विचारावंसं वाटलं नाही. केळव्याच्या बसमध्ये खिडकीशी कोण बसलंय ते त्याला लांबून दिसलं. माझ्या शेजारची जागा कोणासाठी रिकामी होती, ते दिसलं नाही. त्याच्यासाठी मी ती बस पाऊण तास थांबवली. ड्रायव्हरच्या शिव्या खाल्ल्या."

मी मागे वळून बघितलं, ती कोणाशी बोलतेय म्हणून. पंढरीने मला कोपर मारलं.

"येत्या रविवारी, दोन जानेवारीला, सकाळी दहा वाजता माझे बाबा पानमळ्यात असतील. तिथं माईक नाही. घंटा नाही. दुसऱ्याचं तोंड नाही. तिथं येऊन आपल्या तोंडानं बोल. नाही आलास, तर वर्षभर दिलेल्या तुझ्या एकेका दमाचा खरा अर्थ टाइप करीन आणि खाली या खिडकीवर चिकटवीन. कार्बन लावून. तीन प्रती."

तिने माईक टेबलावर ठेवला आणि पर्स उचलून एसटीला गेली.

रस्त्यावर जो आवाज उठला तो घंटाळ्याला आयुष्यात मिळाला नसेल. फोन थांबेना. सगळे एकच सांगत होते, मत बदलायचंय. भाऊंनी पंढरीला विचारलं, चालेल का? पंढरीने वहीत बघून सांगितलं, "तारीख सव्वीस डिसेंबर. त्र्याण्णवच्या आतच आहे. चालेल."

निकाल: पहिली विजया. दुसरा मी. मी हरकत नोंदवली की स्पर्धा पैलवानांची होती. कोणी ऐकलं नाही.

माईक मात्र भाऊंनी माझ्याकडेच ठेवला. म्हणाले, "'मी' पर्यंत तरी आलास."

२८ डिसेंबर, मंगळवार

माहीमला आमची केबल नाही, तेव्हा तिच्या बाबांना काही कळलं नसेल अशी आशा होती. नवशा आज म्हणाला, "आमची बायको सोमवारी माहीमला मासली विकाया गेल्ती. समद्या आळीला ठाव हाय. तू कुठचा शर्ट घालून येनार, तेवरंच इचारत हुते."

आईने शर्ट धुतला. रिबिनीचा डाग जात नाही. अण्णा म्हणाले, "आण इकडं, मी पुराच काळा करून आणतो."

१ जानेवारी १९९४, शनिवार

काळा शर्ट चांगला दिसतो.

२ जानेवारी, रविवार

पावणेदहाला पोचलो. मळ्यात सावली आणि ओलावा, वेल माझ्या डोक्याच्या वर चढलेले. तिचे बाबा करंडीत पानं लावत होते. मान वर न करता म्हणाले, "बोईसरचे ना तुम्ही? बोला."

विजया विहिरीजवळ उभी होती. काहीही खूण केली नाही.

मी डोळे मिटले आणि सुरू झालो. काय बोललो ते नीटसं आठवत नाही. आवाज खूप मोठा होता हे नक्की, कारण पाखरं उडाली आणि शेजारच्या मळ्यातले दोन गडी कुंपणाशी आले. "कोणीही आडवा आला तरी" असं मी दोनदा म्हणालो. आडवं कोणीच आलेलं नव्हतं.

संपल्यावर तिच्या बाबांनी हातातलं पान करंडीत ठेवलं. "मला ऐकायला येतं व्यवस्थित," ते म्हणाले. "आता तेच हळू सांगा."

हळू सांगायला गेलो तर त्यात फार काही उरलंच नाही. म्हटलं, "मला विजया आवडते. मी कॉलेज सोडलं, चूक माझी होती. उद्या पालघरला जाऊन सरांची माफी मागणार आहे आणि फॉर्म भरणार आहे. मग परत येईन."

कुंपणावरचा एक गडी दुसऱ्याला म्हणाला, "ह्यो बरा होता."

"होय," तिचे बाबा म्हणाले. "हा दुसरा बरा होता."

विजया जवळ आली. म्हणाली, "पण याला त्र्याण्णवचं मत नाही. आज दोन जानेवारी. चौऱ्याण्णवचा पहिला दम म्हणून लिहून ठेवते."

"ठेव," तिचे बाबा करंडीवर केळीचं पान झाकत म्हणाले. "पण वर्ष मोठं आहे. माझा अजून यायचाय."

मग चहा झाला. साखर अगदीच कमी होती. मी काही बोललो नाही.